येरो बाल्देची चोरी

धबधबा बघायला येणाऱ्या शहरी माणसाला धबधबा सोडून बाकी सगळं हवं असतं. सावली हवी, थंड बाटली हवी, फोनला रेंज हवी, आणि वाट अशी हवी की चालावंच लागू नये. बावीस वर्षं मी होरे-चांगोलच्या डोंगरात लोकांना फिरवतोय, मला विचारा.

त्या दिवशी राजधानीतून, कोनाक्रीहून, पाच जण आले. त्यांचा म्होरक्या नाबी कामारा. आधी पोट उतरलं गाडीतून, मग तो. एका मोठ्या कचेरीतल्या लोकांच्या सहली ठरवायचं काम त्याच्याकडे. सोबत कचेरीतली मासेनी, पायात चांदीच्या रंगाच्या चपला घालून डोंगर चढायला आलेली. आणि तीन पोरगेलेसे कारकून. त्यांची नावं मी विचारली नाहीत आणि त्यांनी सांगितली नाहीत, कारण तिघांचीही तोंडं फोनात होती.

"हे बघा गाईड," कामारा म्हणाला, "आज आम्ही नुसतं बघून जाणार. पसंत पडलं तर दर शनिवारी तुमच्याकडे एक बस. नाही पडलं तर देशात डोंगरांना काय तोटा."

मी मान डोलावली. दोन वर्षं माझ्याकडे धड गिऱ्हाईक नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर मी दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढत होतो, आणि संध्याकाळी बायको कंबर चोळून द्यायची. दर शनिवारी बस म्हणजे ते बटाटे सुटले. म्हणून त्या ढेरपोट्याचा शब्द न् शब्द मी गोड मानून घेतला. मनात काय होतं ते मनात.

आधी खडक दाखवायचे, मग धबधबा, असा माझा नेम. आमच्याकडे डोंगर थराथरांनी झिजलाय. भाकरींची चवड रचावी तसे उंच खांब उभे आहेत, शे-दीडशे तरी असतील. पण खडक नुसता खडक आहे, यावर शहरी माणसाचं समाधान होत नाही. त्याला त्यात हत्ती दिसला पाहिजे. म्हणून मी त्यांना नावं देऊन ठेवलीत. इमामाची टोपी, रुसलेली सवत, तीन उपाशी बहिणी. सगळी माझ्याच डोक्यातली, जसं गिऱ्हाईक तसं नाव. एक फ्रेंच म्हातारी तर ती वहीत उतरवून घेऊन गेली, आमच्या पूर्वजांच्या श्रद्धा म्हणून.

"आणि हा?" मासेनीने विचारलं. तिच्यापुढे एक खांब होता, वर भलं मोठं भगदाड असलेला.

"हा बाल्दे," मी म्हणालो. "तोंड एवढं मोठं, आणि आत हात घातलात तर काही लागत नाही."

कामारा पोट धरून हसला. त्याच्या लोकांतही अशी नाती आहेत, त्यामुळे त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. जालो आणि बाल्दे ही आमच्यातली आते-मामेभावांची आडनावं. मी जालो. बाल्दे समोर आला की जालोने त्याला चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं, माझ्या आजोबांचा गडी म्हणायचं, आणि त्यानेही उलट तेच. टोमणा न मारता पुढे गेलात तर लोक विचारतात, ताप-बीप आहे का. रागवायचं नाही. एकाने दुसऱ्याच्या अंगणातली कोंबडी उचलून नेली तरी ती चोरी धरत नाहीत. फक्त हात उचलायचा नाही. जालोने बाल्देचं रक्त काढलं, असं आमच्या आसपासच्या सात गावांत कुणी ऐकलेलं नाही.

माझ्या वाट्याला आलेला बाल्दे म्हणजे येरो. धबधब्याच्या वरच्या पठारावर गाई राखतो. अंगाला कायम आंबट दुधाचा वास, डोक्यावर टोपी आहे की घरटं ते कळत नाही. मला चार भाषा येतात, त्याला गाईंची येते. लोकांना वाटायचं मी रीतीप्रमाणे त्याची चेष्टा करतो. मी चेष्टा करत नव्हतो. मला तो माणूस खरोखरच बिनकामाचा वाटायचा, आणि रीत अशी सोयीची की तोंडावर सांगता यायचं.

दुपारी धबधब्याशी पोचलो. पाऊस सरत आलेला, पाणी भरपूर, आकाश निळं. पायथ्याशी एक सपाट खडक आहे, वीस माणसं बसतील एवढा. तिथून गुडघाभर पाण्यातून पडद्यामागे जाता येतं. लोकांना पाण्यात उतरवण्याआधी मी सगळ्यांचे फोन एका मेणकापडाच्या पिशवीत गोळा करतो. एकदा एकाचा फोन पाण्यात गेला होता आणि तो लहान मुलासारखा रडला होता, तेव्हापासून. ती पिशवी मी काठीला अडकवून खडकावर ठेवली. कामाराने शर्ट काढला. मासेनी चपला न काढताच उतरली, कारण त्या काढल्या तर दगड टोचतात, आणि एक चप्पल लगेच वाहून गेली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ती खाल्ली.

तेवढ्यात वरच्या शेळ्यांच्या वाटेने येरो धावत आला. मांडीपर्यंत भिजलेला, धापा टाकत.

"आला," मी म्हणालो. "आमच्या भाताचा वास याला पठारावर लागला."

"तुझ्या बायकोच्या भाताला वास असता तर आधी तरस आले असते," तो म्हणाला. जीभ वळलीच त्याची, वाईट सवय. मग दम घेऊन म्हणाला, "सादियो, यांना उठव इथून. वर पाणी लाल झालंय. माझ्या गाई ओढ्यात उतरेनात."

"तुझ्या गाई शहाण्या आहेत. तू ज्या पाण्यात पाय धुतलेस त्यात कोण उतरेल?"

सगळे खो खो हसले. कामारा तर पाण्यावर थापा मारायला लागला.

"अरे, खरं सांगतोय."

"ऐका, बाल्दे खरं सांगतोय. कामारा साहेब, खिसे चाचपा."

कामाराने आपल्या उघड्या पोटावर हात फिरवून खिसे शोधल्याचं सोंग केलं. तिघं कारकून फोनावाचून पहिल्यांदाच कुणाकडे तरी बघत होते.

येरोने टोपी काढली. "अल्लाची शपथ घेऊन सांगतो, रात्री उगमाकडे पाऊस कोसळलाय. लोंढा येतोय."

"परवा याच माणसाने अल्लाची शपथ घेऊन भर बाजारात सांगितलं होतं, की माझ्या बापाला शेपूट होतं."

"होतंच," येरो म्हणाला. तोंडातून निघून गेलं ते, आणि निघाल्याबरोबर त्याने स्वतःच कपाळावर हात मारला. त्यावर तर हशा असा उसळला की धबधब्याचा आवाज ऐकू येईना.

खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्या मनात आलं. मी पाण्याकडे बघितलं. पांढरंशुभ्र होतं. मग कामाराकडे बघितलं. याला आत्ता खडकावरून उठवला, तर कोनाक्रीत जाऊन काय सांगेल? जागा धोक्याची आहे, गाईड भित्रा आहे. शनिवारची बस गेली. आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर या गुराख्याच्या. मी हात झटकला. "जा रे, गाई वाट बघतायत."

येरो गप्प उभा राहिला. त्याला मी असा गप्प कधी पाहिला नव्हता, आणि मला वाटलं, हरला. मग त्याने दोन पावलं टाकली, काठीवरची पिशवी खेचली आणि ती घेऊन शेळ्यांच्या वाटेने वर पळत सुटला.

माणूस बुडताना दिसला असता तर ही मंडळी इतक्या चपळाईने धावली नसती. "फोन, माझा फोन," म्हणत तिघं कारकून अनवाणी निघाले, मागे मासेनी एका चपलेवर, तिच्यामागे कामारा, उघडा, हातापायांवर चढत. मला लाजेने काही सुचेना. घरातली कोंबडी नेली तर ती रीत झाली, पण पाहुण्यांचं सामान? माझ्या पाहुण्यांचं? आजच्याच दिवशी? मी काठी उचलली आणि सगळ्यांना मागे टाकून धावलो. मला ती वाट पाठ आहे.

अर्ध्या चढावर, जिथे वाट वळते, तिथे तो थांबला होता. पिशवी छातीशी धरून खाली बघत होता, कोण कोण वर आलं ते मोजत असल्यासारखा. मी पोचलो आणि काठी घातली. टोमणा म्हणून नव्हे. हात पूर्ण वर नेऊन घातली. ती त्याच्या कानाच्या वर बसली आणि रक्त मानेवरून गळ्यात उतरलं.

त्याने हात वर केला नाही. मागे पोरं येऊन उभी राहिली, मग मासेनी, आणि शेवटी कामारा. कामारा आला तेव्हाच येरोने पिशवी माझ्या हातात दिली.

आवाज त्यानंतर आला. मला वाटलं वरून ट्रक येतोय, पण तिकडे रस्ता नाही. मग धबधबा लाल झाला आणि दुप्पट रुंद झाला. खालचा खडक एकदा दिसला, आणि पुन्हा दिसलाच नाही. मुळांसकट एक झाड त्याच्यावरून आडवं गेलं. माझा भाताचा डबा, कामाराचा शर्ट, बाकीच्यांच्या चपला, सगळं गेलं. कामारा खाली बसला आणि ओकला.

मग त्याने तोंड पुसलं. "गाईड," तो म्हणाला, "हे तुमचं आधीच ठरलेलं असतं का? पाणी येणार असलं की तुमचा माणूस सामान घेऊन पळतो, म्हणजे लोक घाबरत नाहीत, नुसते मागे धावतात?"

मी येरोकडे बघितलं. तो टोपीने मान पुसत होता.

"हो," मी म्हणालो. "ठरलेलंच असतं."

"मग मारलंत कशाला?"

"जरा जोरात बसली," मी म्हणालो.

कामाराने माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. शनिवारपासून बस पक्की, इतकी काळजी घेणारा गाईड आपण कुठे बघितला नाही, असं तो म्हणाला. येरोने टोपी डोक्यावर घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळला.

"येतो मी, सादियो भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही लोकांना जपून उतरवा. वाट ओली आहे."

तुम्ही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

बस आली. अजून येते, दर शनिवारी. बटाटे सुटले. गावात आधी लोकांना वाटलं येरो आजारी आहे, मग त्यांनी त्याच्या कानावरची खूण बघितली, आणि माझ्याकडे बघणं बंद केलं. मी कोलाची दहा पांढरी फळं घेऊन त्याच्या दारात गेलो, माफी मागायला जातात तसा. त्याने ती घेतली, माझ्या बायकोची चौकशी केली, मुलांची केली, वाटेपर्यंत पोचवायला आला. भांडण ठेवलंय असं म्हणायला त्याने जागाच ठेवली नाही. दुसऱ्या कुणाशी बिनसलं तर आम्ही आते-मामेभावाला मध्ये घालतो, तो दोघांनाही शिव्या घालून हसवतो आणि भांडण मिटतं. आते-मामेभावाशीच बिनसलं तर कुणाला घालायचं, हे कुणालाच माहीत नाही. म्हाताऱ्या इमामांनाही नाही, विचारलं मी.

परवा मी पठारावर गेलो. तो गाय पिळत होता. मी कुंपणापासूनच सुरुवात केली. त्याला चोर म्हणालो, गाईचा जावई म्हणालो, त्याच्या आजीबद्दल असं काही बोललो की जे मी इथे सांगू शकत नाही. ओरडून ओरडून बोललो. तो उठला, हात धुतले आणि माझ्यासाठी चटई झटकली.

"येरो," मी म्हणालो, "एक शिवी घाल मला. एकच. मी पाया पडतो तुझ्या."

विचार करत होता, खोटं नाही सांगत, खरंच शोधत होता बिचारा.

"तुम्ही मोठे माणूस, सादियो भाऊ," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला मी काय बोलणार?"

मग त्याने दुधाचं भांडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, परक्या पाहुण्याला देतात तसं.