मी ताठ आहे हे कुणी सांगितले नाही

मी एक जुना स्नोबोर्ड आहे, मित्रांनो. बर्फावरून घसरत जायची एक लांबट फळी. दोन्ही पाय माझ्यावर आडवे बांधायचे आणि डोंगरावरून खाली यायचे, एवढेच माझे काम. पण फळीफळीत फरक असतो. काही फळ्या मऊ असतात. त्यांच्यावर उभे राहून नुसती मान वळवली तरी त्या वळतात, आणि बसणाऱ्याची, म्हणजे उभे राहणाऱ्याची, चूक पोटात घालतात. मी तसा नाही. मी ताठ आहे. यात माझा गर्व काही नाही. घडणच तशी आहे.

दूर दक्षिणेच्या एका बेटावरच्या लिटल्टन बंदरात डुगल नावाच्या माणसाची शेड होती. उन्हाळाभर तो होड्या बांधायचा आणि थंडी जवळ आली की उरलेल्या लाकडातून बोर्ड करायचा. माझ्या पोटात ॲश लाकडाच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या वरखाली कार्बनच्या धाग्यांचे कापड, आणि कडेने पोलादाची धार. माझे नाक रुंद केले, शेपटी आखूड ठेवली, म्हणजे भुसभुशीत बर्फात नाक वर राहावे. हे थर चिकटवणारी राळ वाळेपर्यंत डुगल माझ्याशी बोलत बसे. "वाकणारी होडी मी बांधत नाही," तो म्हणायचा, "तूपण उगाच वाकू नकोस, बाळा. वेगात असशील तेव्हाच काय ते वाक."

मी ते ऐकले. आजवर ऐकत आलो आहे.

डोंगरावर मला पहिल्यांदा नेले ते डुगलच्या बर्फखेळाच्या क्लबच्या झोपडीत. झोपडी म्हणायची, पण तीस माणसे झोपतील एवढी. तिथे नोकरचाकर नाहीत. भांडी, लाकडे, संडास, सगळ्याच्या पाळ्या लावलेल्या. वर जायला खुर्च्यांचा पाळणाही नाही. डोंगरभर एक जाड दोर गरगर फिरत असतो. कमरेच्या पट्ट्याला लोखंडी चिमटा असतो, तो पळत्या दोरावर चटकन मिटायचा आणि दोराबरोबर वर ओढले जायचे. त्या चिमट्याला ही मंडळी अडकित्ता म्हणतात. नवख्या माणसाचा पहिला हातमोजा अडकित्ता खातो. दुसरा किआ खातात. किआ म्हणजे तिथले हिरवे पोपट. ते गाडीच्या काचेचे रबरसुद्धा सोलून नेतात. पाय बांधायच्या माझ्या डाव्या पट्ट्यावर त्यांची चोच अजून उमटलेली आहे.

मला पारखायचे काम रेवीकडे आले. डोंगरावर कुणी पडले-झडले की बर्फगाडीवर घालून खाली आणायचे, हे रेवीच्या पथकाचे काम. अंगाने दार भरून टाकणारा, आणि बोलायला कंजूष. पण कुठलाही बोर्ड दिवसभर वापरून तो जे म्हणेल ते सगळे मानायचे.

त्याने आधी माझी शेपटी जमिनीवर टेकवली, मध्यावर तळवा ठेवला आणि भार दिला. मी हललो नाही. मग नाक धरून पिळून पाहिले. "हं," तो म्हणाला. सकाळी बर्फ काचेसारखा होता. माझी धार त्यात अशी रुतली की रेवी थांबून मागे उमटलेली रेघ बघत राहिला. दुपारी ऊन लागून बर्फ मऊ झाला, माणसांनी तुडवून त्याचे उंचवटे झाले. त्यातून मी भरवेगात न थरथरता गेलो. पण हळू चालवायला लागला तेव्हा मी ओंडका झालो. वळेचना. एकदा मुद्दाम त्याने अंग मागे टाकून पाहिले, मागच्या पायावर. मी त्याच्या ताब्यातून सुटलो आणि सरळ निघालो. तो पाठीवर आपटला आणि एकटाच हसला.

संध्याकाळी बोर्डांना मेण लावायच्या टेबलापाशी डुगल वाट बघत उभा होता. हात खिशात, नजर दुसरीकडे.

"कसा काय?" त्याने विचारले.

"वाईट नाही," रेवी म्हणाला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, हे काय कौतुक झाले? पण त्या खोऱ्यात याच्या वर शब्दच नाही. डुगलने त्या रात्री आपली पाळी नसताना सगळ्यांची भांडी घासली, तीही शीळ घालत.

मग रेवी हळूच म्हणाला, "पण हे सगळ्यांचं काम नाही, डुगल. पुढच्या पायावर जोर देणाऱ्याचं आहे. कचरला तो मेला. हा माफ करत नाही."

"तुझ्याकडेच ठेव मग," डुगल म्हणाला.

ते माझे चांगले दिवस होते. रेवीने मला बरेच हिवाळे वापरले. दर मुक्कामानंतर धार पुसायचा, तळाला गरम मेण पाजायचा. डोंगराच्या मागच्या अंगाला एक घळ आहे, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली. तिला नरसाळे म्हणतात. रविवारी जमणारे सगळे नरसाळ्यातून मागच्या खोऱ्यात उतरायचे आणि ओढ्याकाठी डबे उघडायचे. पुढे रेवीचे गुडघे कुरकुरू लागले, त्याने एक हलका बोर्ड घेतला आणि मला झोपडीतल्या बोर्ड ठेवायच्या घोडीवर ठेवून दिले. कुणाला हवा असेल तर वापरावा म्हणून.

आणि तिथून ग्लेनिसने मला उचलले.

ग्लेनिस खालच्या गावात शाळेची बस चालवायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, तोंडाने खमकी. क्लबमध्ये कितीतरी वर्षे येत होती. तिच्याकडे एक मऊ जुना बोर्ड होता आणि ती तो फार छान, लाडात चालवायची. पण नरसाळ्यातून ती कधी आली नव्हती. ती लांबच्या सोप्या वाटेने वळसा घालून ओढ्यावर आधी पोचायची आणि चहाचा थर्मास घेऊन वर बघत बसायची. तिचे नावच थर्मास पडले होते. कुणी वाईट मनाने म्हणत नसे. पण म्हणत असत.

एका शनिवारी ती स्वयंपाकघरात चीज घातलेले स्कोन, म्हणजे छोटे जाडसर पाव, भाजत होती. म्हणाली, "उद्या मी वरून येणार आहे. तुमच्याबरोबर. रेवी, तुझा तो घोडीवरचा बोर्ड मला दे. माझा त्या कडक बर्फावर लटपटतो."

"अरे देवा! मग चहा कोण आणणार?" डुगल ओरडला.

"तू आण. एवढं पोट वाहून नेतोस, त्यात एक थर्मास काय जड आहे?"

सगळे हसले. डुगलही हसला. पण हसणे ओसरल्यावर ती घोडीपाशी आली. रेवी तिथे माझी धार चाचपत उभा होता. आता तिचा आवाज निराळा होता.

"खरं सांग हं, रेवी. मला खाली बसून वर बघायचा कंटाळा आलाय. एकदा तरी वरून यायचंय. पण जमणार नसेल तर तसं सांग. जमेल मला हा?"

रेवीची बोटे माझ्या धारेवर थांबली. मला ते कळले. त्याला उत्तर ठाऊक होते, मलाही होते. ती हलकी होती आणि तिचा सगळा भार कायम मागच्या पायावर असायचा. मऊ बोर्डाला ते चालते. मला नाही.

त्या खोऱ्यात एकमेकांच्या गाडीला भंगार म्हणतात, कुत्र्याला बावळट म्हणतात, स्कोनला दगड म्हणतात, पोटावरून तर रोजच बोलतात. पण एखाद्या माणसाला त्याच्या तोंडावर "तुला हे जमणार नाही" असे म्हणत नाहीत. चांगले असेल ते थोडे कमी करून सांगायचे, आणि वाईट असेल ते गिळून टाकायचे. यालाच तिथे चांगुलपणा म्हणतात.

"जमेल गं," रेवी म्हणाला. "होईल सगळं ठीक."

ग्लेनिसचा चेहरा असा उजळला की मला वाटले, आता तो आणखी काही बोलायचाच नाही. तसेच झाले.

त्या दुपारी तिने मला सोप्या उतारावर नेले. बर्फ मऊ होता. मऊ बर्फ कुणालाही सांभाळून घेतो, त्यामुळे मी तिच्या म्हणण्याप्रमाणे वळलो. रेवी लांबून बघत होता. "जरा पुढे झुक," एवढेच त्याने ओरडून सांगितले. तिने अंगठा दाखवला आणि दोन वळणे पुढे झुकली. मग पुन्हा मागे. तेवढ्यात दोराचे काहीतरी अडले आणि रेवीला तिकडे पळावे लागले.

रात्रभर गोठून सकाळी नरसाळे चकचकत होते. वर उभे राहून ग्लेनिसने माझे पट्टे आवळले. "चला," ती स्वतःलाच म्हणाली.

पहिले वळण सुरेख झाले. मित्रांनो, हे मला सांगितलेच पाहिजे, कारण त्या दिवसाविषयी बोलताना हे कुणी सांगत नाही. दुसरेही सुरेख झाले. ती मोठ्याने ओरडली, आनंदाने, शाळा सुटल्यावर पोरे ओरडतात तशी. मग दोन्ही बाजूंचे खडक जवळ आले आणि घळ निमुळती झाली. ती घाबरली. घाबरलेला माणूस काय करतो? मागे सरतो. तिनेही अंग मागे टाकले.

मऊ बोर्ड असता तर थबकला असता, घसरला असता, तिला कुशीवर पाडून मोकळा झाला असता. मी सरळ गेलो. मला मध्येच मऊ होता येत नाही. माझे नाक खडकावर आदळले, आणि पट्ट्यात अडकलेल्या पायाचा तिचा गुडघा पिरगळला.

रेवीच बर्फगाडी घेऊन आला. त्यानेच पट्टे कापले. खाली ओढ्यापाशी डुगल थर्मास छातीशी धरून उभा होता. त्याने तो कुणाला दिला नाही, उघडलाही नाही.

गाडीवर बांधत असताना ग्लेनिसने विचारले, "तुला माहीत होतं?"

"आता बोलू नकोस. दम लागेल," रेवी म्हणाला.

तिचा गुडघा पुढे कधी नीट वाकला नाही. बसचा क्लच दाबता येईना, म्हणून बस गेली. बर्फ तर गेलाच. बसवर दुसरी ड्रायव्हर आली. पोरांना म्हणे सुरुवातीला करमत नव्हते, मग सवय झाली.

मला धुऊन भिंतीवर ठोकले. का, ते कुणी बोलले नाही. कुणी माझ्या नाकावर कोट अडकवला, मग दुसऱ्याने अडकवला, आणि मी ओल्या कोटांची खुंटी झालो. पाणी ठिबकून माझी धार गंजली. तळाचे मेण पांढरे पडले, लाकूड एका बाजूने फुगले. डुगलने त्यानंतर मऊच बोर्ड केले. रेवीला कुणी बोर्ड दाखवला की तो म्हणे, "डुगलला विचार." आणि छपरावरचा बर्फ उतरवायला बाहेर निघून जाई.

ज्याने मला नीट ओळखले होते त्याच्याच तोंडून माझी खरी ओळख निघाली नाही, याचे दुःख मला गंजापेक्षा जास्त होते. मी वाईट बोर्ड नव्हतो. ती वाईट चालवणारी नव्हती. आमची दोघांची गाठ पडायला नको होती, बस.

क्लबमध्ये हिवाळ्याआधी सगळ्यांनी येऊन झोपडीची डागडुजी करायची रीत आहे. अशाच एका खेपेला दार ढकलून ग्लेनिस आत आली. हातात काठी. तिने बटाट्यांची टोपली पुढ्यात ओढली आणि जणू कधी गेलीच नव्हती अशी सोलायला बसली. रेवी चुलीचे धुराडे साफ करत होता, तोंड काजळीने काळे. दोघांनी हवेविषयी बोलून घेतले. मग कोट अडकवायला ती उठली, कोट बाजूला सारले आणि मी दिसलो.

"हा इथंच आहे होय?"

रेवीने मान हलवली.

ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटले, आता मला चुलीत घालायला सांगेल. घातले असते तरी मी तक्रार केली नसती. तिने नखाने गंज खरवडून पाहिला.

"रेवी, हा बोर्ड कसा आहे?"

"ग्लेनिस, जाऊ दे ना."

"मी तुला विचारतेय. तुझं कामच आहे ते. कसा आहे?"

रेवीने ब्रश खाली ठेवला.

"ताठ आहे," तो म्हणाला. "कडक बर्फावर याच्यासारखा दुसरा नाही. पण जोर लागतो. पुढच्या पायावर उभं राहावं लागतं, घाबरलो तरी. तू हलकी आहेस. तू मागे बसतेस, पहिल्यापासून बसतेस. मऊ बर्फात तुझ्यासारखं वळण मी कुणाचं पाहिलं नाही. पण हा बोर्ड तुझा नव्हता. नरसाळ्यात तर नव्हताच."

चुलीत काहीतरी कोसळले, काजळीचा ढीग असेल. कुणी तिकडे बघितले नाही.

"झालं?" ग्लेनिस म्हणाली.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

ती खुर्चीवर बसली, दुखरा पाय लांब करून.

"मी चिडले असते रे."

"माहीत होतं. म्हणून तर…"

"आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. फार तर दोन." तिने बटाटा उचलला, पण सोलला नाही. "मग बोलले असते."

रेवीने डोळे पुसले. तोंडावरच्या काजळीमुळे ते नीट दिसले, दोन पांढरे पट्टे.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या घरी असेल तर ती ओली टाकू नका. धार असेल तर पुसा, मेण लागत असेल तर लावा, आणि कुणाच्या हाती द्याल तेव्हा तिचा स्वभावही सांगा. उद्या तुम्हालाही कुणीतरी विचारील, "मला जमेल का?" ते माणूस तुमचे लाडके असेल. तेव्हा त्याचा चेहरा पडेल याची भीती वाटली तरी खरे सांगा. थोडा राग घ्या अंगावर. तो उतरतो.

ग्लेनिसचा गुडघा अजूनही वाकत नाही.