रस्त्याच्या या बाजूची पाटी

मित्रांनो, माझं नाव विचारू नका. दर दोन वर्षांनी माझ्यावर एक नाव चढतं आणि नोव्हेंबरात उतरतं. मी एक जुना तारेचा सांगाडा आहे. इथे अमेरिकेत निवडणूक आली की लोक घरापुढच्या गवतात उमेदवाराची पाटी रोवतात. पाटी सगळ्यांना दिसते. तिला धरून ऊनपाऊस सोसणारी तार कुणाला दिसत नाही. ती तार म्हणजे मी.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका यंत्राने माझ्यासारखे हजारो वाकवले आणि गठ्ठे बांधून पाठवून दिले. माझा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड आहे, त्यामुळे माझ्यावरची पाटी किंचित कलते. टेक्सासमधल्या अर्विंग गावी केदार नावाच्या माणसाने मला घरापुढे रोवलं, तेव्हा त्याने हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि डाव्या पायाखाली एक खडा सरकवला. मला टाकून दुसरा आणला नाही. तेव्हापासून मी त्याचा झालो.

केदार मूळचा नागपूरचा. कंपनीच्या कामासाठी व्हिसावर आला, मग ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहिला आणि त्या रांगेतच त्याचे केस पिकले. नागरिकत्व नाही म्हणून मत नाही. तरी त्याला निवडणुकीचं भारी वेड. आमच्या मतदारसंघातून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, कोण कधी निवडून गेलं, किती मतांनी गेलं, सगळं त्याला तोंडपाठ. बायको रेणू म्हणायची, "स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतो आणि यांची मतं बरोबर लक्षात ठेवतो."

तो इतिहास तुम्हाला माझ्या अंगावरूनच सांगता येईल. पहिली पाटी एका वकिलाची होती. तो चाळीस हजारांनी पडला. दुसरी एका मोटारविक्याची, तो एकतीस हजारांनी पडला. समोरच्या पक्षाची ती जागा वर्षानुवर्षं पक्की होती. शेजारचे दिगंबरकाका कंपाउंडवरून म्हणायचे, "केदार, तुझा हा सांगाडा पांढऱ्या पायाचा आहे रे. दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन लाव." मला फार लागायचं ते. मी काय मतं मोजायला बसतो का? पण तारेच्या रागाला विचारतो कोण.

मग टिल्मनबाई आल्या. त्या इथल्या शाळेत पुस्तकं सांभाळायच्या. केदारची मुलगी अनिका दुसरीत असताना वाचायला घाबरायची. बाईंनी तिला रोज मधल्या सुट्टीत शेजारी बसवून वाचायला लावलं, म्हणून ती वाचायला लागली. निवृत्त झाल्यावर बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा केदारने त्यांची पाटी दोन्ही हातांनी माझ्यावर चढवली आणि म्हणाला, "एकदा तरी या बाईंना मत द्यायचंय मला. एकदाच."

मित्रांनो, त्याचं मागणं एवढंच होतं.

पहिल्या खेपेला बाई अठरा हजारांनी पडल्या, दुसऱ्या खेपेला सात हजारांनी. गावात नवी घरं होत होती, नवी माणसं येत होती. तिसऱ्या खेपेला केदारने शनिवार-रविवार दारोदार फिरून काम केलं. मत देता येत नसलं तरी काम करता येतं. आमच्या गल्लीत चौदा घरं अशी होती की ज्यांना मतच नव्हतं, सगळे व्हिसावाले. दिगंबरकाकांना होतं. ते वीस वर्षांपासून इथले नागरिक. मतदानाच्या दिवशी केदार गाडी काढून त्यांच्या दारात उभा राहिला. काका म्हणाले, "पाऊस आहे, गुडघे धरलेत. माझ्या एका मताने काय दिवे लागणार आहेत?"

बाई तीनशे बारा मतांनी पडल्या.

दुसऱ्या दिवशी केदार मला उपटायला आला. काका कंपाउंडपाशी आले, पण त्या दिवशी त्यांनी पांढऱ्या पायाचं काही काढलं नाही. केदारने पाटी धुतली, पुसली आणि गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे मला तिच्यासकट उभं केलं. रेणू म्हणाली, "एवढं काय जपतोस? पुढच्या वेळी नवी देतील की." केदार म्हणाला, "नाव तेच राहणार. चांगली पाटी कशाला वाया घालवायची?"

हा आपल्या लोकांचा गुण. वस्तू टाकवत नाही. याच गुणाने पुढे घात केला.

ग्रीन कार्ड तर कधीच हातात आलं होतं, नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षंही पुढच्या निवडणुकीआधीच्या उन्हाळ्यात सरली. केदारने शपथ घेतली आणि तो नागरिक झाला. घरी येताना त्याच्या हातात एक कागदी झेंडा होता. तो गॅरेजमध्ये आला आणि तो झेंडा त्याने माझ्या वरच्या वळणात खोचला. मला इतकं कुणी कधी नटवलं नव्हतं. लगेच मला बाहेर काढलं, खडा शोधून डाव्या पायाखाली घातला. टिल्मनबाईंचं नाव पुन्हा रस्त्याकडे बघायला लागलं. त्या महिन्यात मी जितका ताठ उभा राहिलो तितका आयुष्यात कधी राहिलो नाही. वाटायचं, या खेपेला आपलं नाव काढायचं.

अनिका कॉलेजातून सुट्टीला आली. गाडीतून उतरली आणि माझ्यापुढे थांबली. "बाबा, हा साइन का लावलाय? शी इज नॉट इन अवर डिस्ट्रिक्ट."

केदार हसला. "अगं, तुझ्याच टिल्मनबाई. विसरलीस?"

अनिकाने फोनवर नकाशा काढून त्याच्यासमोर धरला. राज्याच्या राजधानीत बसलेल्या मंडळींनी मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखल्या होत्या. एक रेघ आमच्या गल्लीच्या बरोबर मधून गेली होती. समोरची घरं बाईंच्या मतदारसंघात, आमची बाजू दुसऱ्यात. तो दुसरा मतदारसंघ इथून निघून पार कुठल्या कुठे गुरांच्या कुरणांपर्यंत गेला होता. केदारने फोन हातात घेतला, बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. सगळे आकडे पाठ असलेल्या माणसाने ही रेघ पाहिली नव्हती. नवी पाटी मागायला गेला असता तर कुणीतरी तेव्हाच सांगितलं असतं. त्याला फार वाईट वाटलं. मला त्याहून वाईट वाटलं, कारण इतके दिवस मी भलत्याच बाजूला उभा राहून मिरवत होतो.

तरी त्याने मला उपटलं नाही. म्हणाला, "राहू दे. समोरच्यांना तर दिसते ना पाटी."

मतदानाच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. निघताना दिगंबरकाका आपणहून येऊन गाडीत बसले. तीनशे बाराचा आकडा त्यांनाही दोन वर्षं टोचत असावा. तासाभराने दोघं परत आले. काका गाडीतून उतरून माझ्याजवळ थांबले. रेणू दारात होती, तिला म्हणाले, "बाकीच्या जागांना होती दोन-दोन नावं. आपल्या काँग्रेसच्या जागेला एकच. समोर कुणी उभंच नाही. त्यात काय निवडायचं, पोरी?" ती जागा इतकी पक्की आखली होती की दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता.

"मग तू काय केलंस?" रेणूने केदारला विचारलं.

"कोरी सोडली," केदार म्हणाला. वीस वर्षांहून जास्त थांबून त्याने ती जागा कोरी सोडली. मत दिल्याचं स्टिकर शर्टाला लावलं होतं, ते काढून त्याने माझ्या तारेभोवती गुंडाळलं आणि घरात गेला.

टिल्मनबाई रेघेच्या पलीकडे उभ्या होत्या. पलीकडचाही मतदारसंघ त्यांना जड जावा असाच कापला होता. त्या साठ हजारांनी पडल्या. पुढच्या रविवारी बाई स्वतः जुन्या गाडीतून पाट्या गोळा करायला आल्या. केदार ओशाळून बाहेर गेला आणि इंग्रजीत माफी मागायला लागला, की मला नकाशा माहीत नव्हता, मी चुकीच्या बाजूला पाटी लावली.

बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी रोज इथून जायचे. या बाजूला माझ्या नावाची ही एकच पाटी होती. काढा म्हणून सांगायला दोनदा गाडी थांबवली, पण खाली उतरायचं मन झालं नाही."

बाईंनी माझ्यावरची पाटी काढून घेतली. मी आता निवडणुकीला उभी राहणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगाडा मात्र केदारलाच दिला. माझ्या अंगावर स्टिकर होतं, ते त्यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

मित्रांनो, माझं शहाणपण फार उशिराचं आहे आणि ते केदारच्या उपयोगी पडलं नाही. निकाल सगळेच बघतात. रेघ आखली जाते तेव्हा मात्र कुणी बघत नाही. तुम्ही बघत जा. बघून ती हलेलच असं मी म्हणत नाही. चुकीच्या बाजूला उभं राहून मिरवण्याची पाळी तरी येणार नाही.

पुढची निवडणूक येऊन गेली. आमच्या जागेला पुन्हा एकच नाव होतं. केदार गॅरेजमध्ये आला, मखराच्या खोक्यामागे वाकून त्याने मला पाहिलं, शिडी घेतली आणि निघून गेला. स्टिकर केव्हाच गळून पडलंय, गुडघ्याशी गंज चढलाय.

वर्षातून एकदा, गणपतीत, रेणू मला बाहेर काढते. माझ्यावर पुठ्ठा चढवून त्यावर एक बाण काढते आणि गल्लीच्या तोंडाशी रोवते. खडा घालायचं तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून बाण जरा कलतो. गाड्या पार्क करायची जागा तिकडे आहे, एवढंच आता मी सांगतो. आणि गंमत बघा, तेवढं मात्र दोन्ही बाजूंचे लोक ऐकतात.