निळ्या घसरगुंडीचं पाणी

सौदी अरेबियातल्या हुफूफ शहराच्या वेशीवर एक वॉटर पार्क होता. त्याचं पंपहाउस नूरुद्दीन मुकादम चौदा वर्षं सांभाळत होता. बाणकोटहून तो साधा प्लंबर म्हणून आला होता. आता लाटांचा हौद, लहान मुलांचे तलाव आणि अकरा घसरगुंड्या, सगळ्यांचं पाणी त्याच्या हातातल्या व्हॉल्व्हवर चालायचं.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये मुदीरने, म्हणजे पार्कच्या मॅनेजरने, त्याला ऑफिसात बोलावलं. तिथे पायघोळ काळ्या अबायातली एक तरुण मुलगी फाईल मांडीवर घेऊन बसली होती.

"ही सहर. इंजिनीअर आहे," मुदीर म्हणाला. "तुझी जागा सौदीकरणाच्या यादीत आली, नूरुद्दीन. आता ती सौदी माणसालाच द्यायची. सहा महिने आहेत. हिला सगळं शिकव. इकामा संपला की इथलं राहणं खलास."

नूरुद्दीन "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? कामगारांच्या कॅम्पातले आठजण त्या वर्षात परत गेले होते. आपली पाळी येणार हे त्यालाही ठाऊक होतं. पण चौदा वर्षांचं काम कुणाच्या तरी हातात असं ठेवायचं, म्हणजे घर रिकामं करून देण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी त्याने सहरला पंप दाखवले ते मोजक्याच शब्दांत.

सहर मात्र प्रश्न विचारायची थांबेना. "हे पाणी कुठे जातं?" तिने एका जाड पाइपवर बोट ठेवून विचारलं.

"फिल्टर रोज उलटे धुवावे लागतात. ते धुण्याचं पाणी गटारात."

"सगळं?"

"सगळं. चौदा वर्षं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. आणि त्याच आठवड्यात सरकारी पत्र आलं: पार्कने ऑक्टोबरपर्यंत पाण्याचा वापर निम्मा करावा, नाहीतर तलाव बंद करावे लागतील. मुदीर दिवसभर फोनवर ओरडत होता. पार्किंगमधल्या चाळीस खजुरांना टँकरचं गोडं पाणी जात होतं. तरी त्यातली निम्मी झाडं वाळलेली. ते पाणी आधी बंद करायचं, असा हुकूम त्याने काढला.

शाळेला सुट्टी लागली होती. दरवर्षी नूरुद्दीन बायको साबिराला आणि तेरा वर्षांच्या मुलीला, फरहानाला, गावी पाठवायचा. यंदा मात्र येत्या जानेवारीत सगळ्यांनाच कायमचं जायचं होतं, मग आता कशाला? फरहाना घरात कंटाळून मोबाईलशी खेळत बसायची. हे सहरच्या कानावर गेलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आजोबांची शेती आहे इथून वीस मिनिटांवर. शुक्रवारी घरच्यांना घेऊन या."

शेती म्हणजे खजुराची बाग होती. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडलेला, आणि आत शिरलं की एकदम गारवा. सहरचे आजोबा, सालेह, सत्तरी ओलांडलेले, पायात रबरी चपला, धोतरासारखं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी फरहानाच्या हातात अर्धपिके खजूर ठेवले. तिने मोबाईल खिशात टाकला आणि पुन्हा काढला तो फोटो घेण्यापुरताच.

जेवायला तांबडा भात होता. साबिराने एक शीत बोटावर घेऊन बघितलं. "अहो, हा तर आपल्याकडचा वाटतो!" ती नवऱ्याला म्हणाली. "वाळवंटात भात?"

नूरुद्दीनने सालेहना ते समजावून सांगितलं तेव्हा ते हसले आणि जेवण झाल्यावर सगळ्यांना बागेच्या उतारावर घेऊन गेले. मातीचा पाट वरून खाली चालला होता. "गोडं पाणी आधी लिंबांना," त्यांनी हाताने दाखवलं. "तिथून झिरपलेलं खजुरांना. ते थोडं खारवतं, पण खजूर चालवून घेतो. त्याच्या खाली जे उरतं ते गुरांच्या घासाला आणि भाताला. माझ्या बापाने एक थेंब वाया घालवला नाही. एकदा वापरलं म्हणजे पाणी संपलं, असं थोडंच आहे?"

नूरुद्दीन ते साबिराला मराठीत सांगत होता; ती पाटाच्या कडेला उकिडवी बसून पाण्यात हात घालत होती. तिने मान वर केली.

"आपल्याकडे न्हाणीचं पाणी माडाला जातं, तसंच की हे. माझ्या सासूबाई तर भांडी घासलेलं पाणीसुद्धा केळीत सोडायच्या. तुमच्या पार्काची एवढी मोठी न्हाणी, अहो, आणि बाहेर चाळीस झाडं वाळतायत. ते पाणी गटारात कशाला सोडता?"

नूरुद्दीन तिच्याकडे बघतच राहिला. न्हाणीमागच्या माडाला आळं करून द्यायचं काम लहानपणी त्याचंच होतं. चौदा वर्षांत हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काय म्हणाल्या त्या?" सहरने विचारलं. त्याने तोडक्यामोडक्या अरबीत सांगितलं. सहर तिथेच वही शोधायला लागली.

परत आल्यावर दोघांनी मिळून काम काढलं. आता नूरुद्दीन मोजकं बोलत नव्हता. फिल्टर धुतलेलं पाणी एका जुन्या टाकीत घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचा आणि मग झाडांना सोडायचं, असं ठरलं. क्षार मोजले, खजुराला चालण्याजोगे होते. मुदीरने "करून बघा" म्हटलं, पण पाठोपाठ रोज घाई सुरू केली.

त्या घाईत नूरुद्दीन चुकला. टाकी भरून वाहायला लागली, म्हणून त्याने एक रात्र ठेवलेलंच पाणी झाडांना सोडून दिलं. चौथ्या दिवशी गेटजवळची कण्हेर करपली आणि हिरवळीवर पिवळे चट्टे उठले.

मुदीर संतापला. "बंद करा हा खेळ! ही कुणाची अक्कल?"

"माझी चूक झाली," नूरुद्दीन म्हणाला. "पाणी लवकर सोडलं."

"रजिस्टरवर सही माझी आहे," सहर पुढे येऊन म्हणाली. "मीही तपासलं नाही. आम्हाला पंधरा दिवस द्या."

बाहेर आल्यावर नूरुद्दीन तिला म्हणाला, "तुला बोलायची गरज नव्हती. मी तर जाणारच आहे. तुझी सुरुवात आहे."

"म्हणूनच बोलले," सहर म्हणाली.

संध्याकाळी घरी तो जेवायला बसला, पण डोक्यात टाकीच होती. एवढी मोठी टाकी आणायची कुठून? रोजचं पाणी दोन-दोन दिवस साठवायचं तर चार टाक्या हव्यात. तो साबिराला हे सांगत होता, तेवढ्यात फरहाना मध्येच म्हणाली, "अब्बा, क्लोरीन तो धूप से जाता है ना? हमारी सायन्स मिस ने बताया. मग टाकीत खोल कशाला भरता? पातळ पसरा."

"पसरू कुठे गो? जागा नको?"

"ती ब्लू स्लाइड नाही का? मागे पडलीय ती. किती रुंद आहे!"

पार्कच्या मागच्या बाजूला तीन वर्षांपासून एक निळी घसरगुंडी पडून होती. तिला तडा गेला, म्हणून उतरवून ठेवली होती. लहानपणी फरहाना तिच्यावरूनच शंभरदा घसरली होती. नूरुद्दीन ताटावरून उठला आणि हात न धुताच सहरला फोन लावू लागला. साबिराने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "आधी जेवा. घसरगुंडी कुठे पळून जात नाही."

तडा बुजवायला दोन दिवस लागले. घसरगुंडी उन्हात, हलक्या उतारावर उभी केली. गाळ बसलेलं पाणी वरून सोडलं. कागदाइतका पातळ थर चमकत खाली आला, पुन्हा पंपाने वर गेला, पुन्हा खाली आला. सहरने वरचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकला. पाणी गर्द गुलाबी झालं. एवढा क्लोरीन. तासाभराने खालचं घेतलं, फिकट गुलाबी. दुपार कलताना पुन्हा घेतलं. थेंब पडला आणि पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ.

सहरने नळी उन्हात धरली. "उस्ताद, बघा!" ती ओरडली. तिने त्याला उस्ताद म्हटलं ते पहिल्यांदाच.

यावेळी त्यांनी आधी दोनच झाडांना पाणी दिलं आणि आठवडाभर थांबले. काही करपलं नाही. मग दहांना, मग चाळीसही झाडांना. सालेह मुद्दाम एकदा आले. त्यांनी खोडं थोपटून बघितली, आळी मोठी करायला लावली आणि वाळकी पानं स्वतः कापली. सप्टेंबरच्या अखेरीस वाळलेल्या झाडांच्या मधोमध नवे हिरवे कोंब भाल्यासारखे वर आले. टँकरची गरजच उरली नाही. कारंज्यांच्या आणि रस्ते धुण्याच्या पाण्याचीही हीच सोय झाली.

ऑक्टोबरमध्ये तपासणीला अधिकारी आले. त्यांनी मीटरचे आकडे पाहिले, घसरगुंडी पाहिली, वहीतल्या नोंदी पाहिल्या. पाण्याचा वापर निम्म्याच्याही खाली गेला होता. मुदीर हसतमुखाने "आमच्या पार्कने, आमच्या पार्कने" करत होता.

"कल्पना कुणाची?" अधिकाऱ्याने सहरला विचारलं.

सहरने नूरुद्दीनकडे बोट केलं. नूरुद्दीन क्षणभर गोंधळला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "माझ्या बायकोची. आणि घसरगुंडी माझ्या मुलीची. मी नुसते पाइप जोडले."

"आणि मला शिकवलं," सहर म्हणाली. "पाणी पुन्हा वापरायची वाट माझ्या आजोबांनी, सालेहनी, दाखवली."

अधिकाऱ्याने तपासणीच्या कागदावर चार नावं लिहून घेतली: सालेहचं, साबिराचं, फरहानाचं आणि नूरुद्दीनचं. सहरने त्याची प्रत काढून आणली. साबिराला अरबी वाचता येत नव्हतं. फरहानाने शाळेत शिकलेली अक्षरं जुळवत तिचं नाव वाचून दाखवलं. साबिराने तो कागद दोनदा मागून घेतला.

जागा मात्र सहरलाच मिळाली; यादीतलं बदललं नाही. नूरुद्दीनने निघायची तारीख घेतली आणि उरलेल्या दिवसांत व्हॉल्व्हना एकेक करून अरबी चिठ्ठ्या लावल्या.

डिसेंबरात फरहानाच्या शाळेची सहल पार्कात आली. सहर मुलांना निळ्या घसरगुंडीपाशी घेऊन गेली, पण बोलायला उभी राहिली नाही. "हे ज्यांच्या घरचं आहे त्यांनी सांगावं," ती म्हणाली आणि फरहानाला पुढे केलं.

नूरुद्दीन वरच्या टोकाला शिडीवर उभा राहून नळ उघडत होता. खाली मुलगी बोलत होती: गाळ कसा बसतो, ऊन काय करतं, एकच पाणी किती झाडांना पुरतं. एका मुलाने विचारलं, "तुझे पप्पा इंजिनीअर आहेत?"

"नाही," फरहाना म्हणाली. तिने वर बघून हात केला. "माझे अब्बा प्लंबर आहेत. पाइपलाइन त्यांनी टाकली. इंजिनीअर मॅडमना त्यांनीच शिकवलं."

चाळीस मुलांनी एकदम माना वर केल्या. नूरुद्दीनने शिडी घट्ट धरली आणि नळ पूर्ण उघडला.