अडीच गुणांचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि स्वस्तातला आहे. हे दुसरे विशेषण मी स्वतःच आधी सांगून टाकतो. नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी मला हातात घेऊन, उलटापालटा करून, ते सांगणारच. आजवर ज्याने त्याने तेच केले. मित्रांनो, माझी हकीकत सांगताना मी मधूनच चिडलो तर समजून घ्या. मला चिडायला कारण आहे.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथली माणसे टोप्या आणि हातमोजे घालून काम करत. धुळीचा एक कण दिसला तरी सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. माझ्या पोटात त्यांनी एक छोटा आरसा बसवला. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जातो, म्हणून माझ्या खिडकीला डोळा लावणाऱ्याला समोरचे जसेच्या तसे दिसते. बटण दाबले की आरसा वर उडतो, पडदा उघडतो, आणि मागच्या सेन्सरवर चित्र उमटते. हे सारे पापणी लवायच्या आत होते. माझी थोरली भावंडेही त्याच कारखान्यात तयार होत. त्यांचे अंग धातूचे होते आणि माझे प्लास्टिकचे. बाकी आरसा त्यांनाही होता आणि मलाही.

माझ्या खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असे छापले होते. मला त्याचा अभिमान वाटला. ज्याचे बोट धरून पहिले पाऊल टाकायचे, तो काही ऐरागैरा नसतो.

पण सगळ्यात आधी मला एका परीक्षकाकडे पाठवले गेले. नव्या वस्तू वापरून पाहणे आणि मासिकात त्यांना गुण देणे हा त्याचा उद्योग. तीन दिवस मी त्याच्या टेबलावर होतो. त्याने रेघांच्या एका तक्त्याचे फोटो काढले, पुस्तकांच्या फळीचे काढले आणि खुर्चीत झोपलेल्या मांजरीचे काढले. माझ्या डोक्यावर एक चकती आहे. ती फिरवली की उजेड किती घ्यायचा आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे माणसाला स्वतः ठरवता येते. शिकायचे असते ते तिथेच. त्या चकतीला त्याने बोटसुद्धा लावले नाही. ती 'ऑटो'वर होती आणि तीन दिवस 'ऑटो'वरच राहिली. मग तो बायकोला "उरकलं एकदाचं" म्हणाला आणि लिहायला बसला.

त्याने लिहिले, 'पकड किरकोळ. अंधारात चित्रावर दाणे येतात. मोठा परिसर टिपताना कडेच्या सरळ रेघा वाकतात. नवशिक्याला चालून जाईल, पण चार महिन्यांत कंटाळा येईल. पाचपैकी अडीच गुण.'

खरे ते खरे. दाणे येतात. रेघाही वाकतात, मी नाकारत नाही. पण चार महिन्यांत कोणाला कंटाळा येईल, हे त्याने तीन दिवसांत कशावरून ठरवले? ती मांजर तेवढी सांगू शकली असती, आणि तीही झोपेतच होती.

तिथून मी दुकानात गेलो. नमुन्याचा माल म्हणून मला काउंटरला तारेने बांधून ठेवले होते. येणारा जाणारा बटण दाबून बघे, आणि विक्रेता माझ्यादेखत सांगे, "हा नुसता बघायला. घ्यायचा तर वरचा घ्या."

एका दुपारी ग्रंथपाल बाई आल्या. त्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करत. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला उचलले, खिडकीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

विक्रेता म्हणाला, "बाई, थोडं थांबा आणि वरचं मॉडेल घ्या. याला अडीचच गुण आहेत."

"कोणी दिले?"

"मासिकात आलंय."

"त्यांच्याकडे किती दिवस होता हा?"

"ते काही छापलेलं नव्हतं."

"मग मी जरा जास्त दिवस वापरून बघते," असे म्हणून बाईंनी मला घेतले.

घरी त्यांचा भाचा आला होता. तो समारंभांचे फोटो काढायचा आणि गळ्यात दोन-दोन भारी कॅमेरे मिरवायचा. मला पाहून तो हसला. "मावशी, हे खेळणं कुठून आणलंस? मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर घेऊ दिलं असतंस का? आता शिकव."

त्याला वेळ नव्हता. टाळायचे म्हणून त्याने एकच धडा दिला. "एकच जागा निवड. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच ठिकाणाहून फोटो काढ. काही म्हणजे काही हलवू नकोस. उजेड म्हणजे काय ते आपोआप कळेल."

टाळायला दिलेला धडा बाईंनी मनावर घेतला. त्यांनी वाचनालयाचा बालविभाग निवडला. तळमजल्यावरची ती खोली. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीखाली मुलांच्या उंचीची बुटकी कपाटे, आणि कपाटांपुढे सतरंजी. दर शनिवारी साडेदहाला तिथे तीस-चाळीस मुले गोष्टी ऐकायला बसत. बाई त्याआधी, बरोबर दहाला, मला तिकाटण्यावर चढवत. तिकाटण्याचे पाय कुठे येतात तिथे त्यांनी फरशीवर पुस्तके सांधायच्या कापडी पट्टीचे तीन तुकडे चिकटवले होते.

पहिल्या शनिवारी पहिला फोटो काळाकुट्ट आला. दुसरा पांढराफटक. तिसऱ्यात खिडकी उताणी पडल्यासारखी दिसत होती. चौथ्यात खोली नीट दिसली, आणि त्या शनिवारचा म्हणून बाईंनी तोच ठेवला. बाई वहीत प्रत्येक चूक लिहून ठेवत. सहाव्या शनिवारी त्यांना न बघता चकती फिरवता येऊ लागली. अकराव्या शनिवारी खिडकीतून आलेले ऊन सतरंजीवर असे उतरले की बाई स्वतःशीच "जमलं" म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी त्या परीक्षकाचे अडीच गुण ओवाळून टाकले असते.

त्या खिडकीबाहेर, कुंपणापलीकडे, एका बहुमजली इमारतीसाठी खोल खड्डा खणत होते. खोदणारे यंत्र चालू असले की कपाटांच्या काचा थरथरत. सुरुवातीला लोकांनी तक्रार केली. मग सवय झाली.

अकराव्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी भाचा आला. बाईंनी अकरा शनिवारांचे अकरा फोटो संगणकावर लावले आणि चुका सांग म्हणाल्या. तो भराभर पुढे सरकवत होता. मध्येच थांबला.

"मावशी, ही खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ काय आहे?"

"कुठली रेघ?"

त्याने पहिला फोटो लावला. रेघ नव्हती. पाचव्या फोटोत केसासारखी होती. आठव्यात वीतभर, आणि अकराव्यात ती थेट कपाटाच्या माथ्यापर्यंत उतरली होती. बाई रोज त्या खोलीत वावरत, पण रोज पाहणाऱ्याला ती दिसली नव्हती. भाचा प्रथमच हसायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

सोमवारी बाई फोटो छापून घेऊन निघाल्या. वाचनालयाची इमारत सरकारी होती, म्हणून सरकारी इमारतींची देखभाल बघणाऱ्या अभियंत्यांकडे त्या गेल्या. मी पिशवीत होतो. अभियंत्यांना फोटोग्राफीची हौस होती, टेबलावरच्या काचेखाली त्यांनी काढलेल्या डोंगरांचे फोटो होते. त्यांनी अकराही फोटो चाळले आणि विचारले, "कुठल्या कॅमेऱ्याने काढलेत?"

बाईंनी मला बाहेर काढले. मित्रांनो, पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. त्यांनी मला उलटापालटा केले.

"हा? अहो बाई, याचं परीक्षण मी वाचलंय. याच्यात सरळ भिंतसुद्धा वाकडी दिसते. गिलाव्याला कुठे बारीक चीर गेली असेल. असल्या खेळण्याच्या फोटोंवरून मी खोदकाम थांबवू?"

माझ्या पोटातला आरसा तडकेल असे मला वाटले. मला बोलता येत असते तर काय बोललो असतो कोणास ठाऊक. पण बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी ठेवला.

"वाकडी दिसते, मान्य. मग अकराही शनिवार सारखीच वाकडी दिसायला हवी ना? जागा तीच, उंची तीच, वेळ तीच. खिडकीची चौकट बघा, सगळ्या फोटोंत तेवढीच वाकलीय. वाढलीय ती फक्त ही रेघ."

अभियंत्यांनी दोन्ही फोटो पुन्हा एकदा जवळ धरून पाहिले. शेवटी म्हणाले, "बघू. तुमच्या समाधानासाठी काचपट्टी लावायला सांगतो." काचपट्टी म्हणजे तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची बारीक पट्टी. काच ताणली जात नाही, त्यामुळे भिंत जरा जरी हलली तरी पट्टी मोडते.

बाई पट्टीची वाट बघत बसल्या नाहीत. त्याच दुपारी त्यांनी आणि शिपायाने बालविभागातली पुस्तके इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, वर्तमानपत्रांच्या दालनात हलवली आणि बालविभागाला कुलूप घातले. वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा कुरकुरले. वाचनालयाचे कार्यवाह तणतणत आले.

"कोणाला विचारून केलंत हे?"

"विचारत बसले असते तर शनिवार आला असता."

त्याबद्दल बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला तो पहिला. बाईंनी खुलाशाला तेच अकरा फोटो जोडले.

काचपट्टी बुधवारी लागली. शुक्रवारी सकाळी ती मोडलेली शिपायाला दिसली. दोन तुकड्यांच्या मध्ये तांदळाचा दाणा बसेल एवढी फट होती. मी ती टिपली. या वेळी अभियंते स्वतः आले. ते माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी कुंपणाशी जाऊन खोदकाम बंद करवले आणि भिंतीला टेकू लावायचे फर्मान काढले. लाकडे दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पावणेअकराला बाई वर्तमानपत्रांच्या दालनात बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होत्या. पहिली गोष्ट संपली होती आणि घरी न्यायची पुस्तके घेऊन मुले त्यांच्याभोवती बसली होती. इमारतीच्या पलीकडच्या टोकाकडून आधी कुरकुर आली आणि मग पायाखालची फरशी हादरली. बाईंच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. बालविभागाची खिडकी, खिडकीवरची तुळई आणि भोवतालची भिंत खाली आली होती. बुटक्या कपाटांचा चुराडा झाला होता, आणि सतरंजीच्या जागी विटांचा ढीग होता. बालविभागाच्या बंद दाराखालून धूळ बाहेर येत होती.

बाईंनी मुले मोजली. मग पुन्हा मोजली.

मित्रांनो, आता मी ज्याबद्दल चिडलो आहे ते ऐका. वर्तमानपत्रात बातमी आली, 'अभियंत्यांच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला'. सोबत ढिगाऱ्यापुढे उभ्या अभियंत्यांचा फोटो, अर्थातच भारी कॅमेऱ्याने काढलेला. बाईंचे नाव नव्हते. खुलाशाची मागणी मात्र अजून मागे घेतलेली नव्हती.

भाचा संतापला. "मावशी, तू काहीच बोलणार नाहीस?"

"बोलणार आहे. चौकशी समितीपुढे."

त्या बोलल्या. सगळे क्रमाने, वहीतल्या तारखांसह. समितीने मान डोलावली आणि पुरावा म्हणून मला ठेवून घेतले. एका कारकुनाने मला खाकी पाकिटात घातले, वर लाख लावली, क्रमांक घातला आणि लोखंडी कपाटात ठेवून दिले. कपाट ओल आलेल्या भिंतीला टेकून होते. बॅटरी माझ्या पोटात तशीच होती. तिथे मी दोन वर्षे होतो.

खरे सांगणाऱ्याला कोंडून ठेवायचे, ही कुठली रीत? भिंत पाडणारे खड्डेवाले तोवर दुसरीकडे खणू लागले होते. बाईंचा आवाज मला कपाटातून ऐकू येई. त्या सात वेळा आल्या. कधी साहेब रजेवर असत, कधी फाइल वर गेलेली असे. एकदा कारकून म्हणाला, "पावती दाखवा." बाई म्हणाल्या, "पावती दिलीच नव्हती हो तुम्ही." तो म्हणाला, "मग कॅमेरा दिल्याला पुरावा काय?"

आठव्या खेपेला जुना कारकून बदलून गेला होता आणि नवा कपाट आवरत होता. त्याने पाकीट फाडले. "हेच का तुमचं? आता असलं कोण वापरतं, बाई. नवा घ्या." बाईंनी पदराने माझी धूळ पुसली आणि मला छातीशी धरून जिना उतरल्या.

बॅटरी फुगून आत रुतली होती. भाच्याने ती तासभर खटपट करून काढली आणि मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. दुरुस्तीवाल्याने भिंग उजेडात धरले. "वरची बुरशी निघेल. आतला डाग राहणार. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात जरा धुकं येईल."

"मावशी, माझ्यातला एक घे ना," भाचा म्हणाला. आपला भारी कॅमेरा तो आपण होऊन देत होता.

"नको रे. मला याची सवय आहे, आणि याला माझी."

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. बालविभाग नव्याने बांधला आहे, आणि तिथल्या मुलांना त्या फोटो काढायला शिकवतात. मी त्यांच्या हातांतून फिरतो. परवा एका मुलीने त्यांना विचारले, "हा चांगला कॅमेरा आहे का?" बाई म्हणाल्या, "महिनाभर वापर आणि तूच मला सांग." उजव्या कोपऱ्यातल्या धुक्याकडे त्या मुलीने अजून बोट दाखवलेले नाही. तिला बहुधा ते सकाळचे खरे धुके वाटते.

तेव्हा मित्रांनो, माझे थोडेसे ऐका. आम्हाला ओलीत ठेवू नका. वापर संपला की बॅटरी काढून ठेवा. कोणालाही गुण द्यायच्या आधी त्याला चार कामे करू द्या, मग खुशाल अडीच द्या. आणि तुमची वस्तू कोणी पुराव्यासाठी मागितली, तर ती देण्याआधी पावती घ्या आणि परत करायची तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मागायला लाजू नका. समितीपुढे बाई त्या दिवशी लाजल्या होत्या.