विलेमाइनबाईंच्या उजव्या कानामागे

मित्रांनो, मी एक जुने कानाचे मशीन आहे. रंगाने फिकट तपकिरी, आकाराने काजूएवढे. विलेमाइनबाईंच्या उजव्या कानामागे माझे घर आहे. पण तिथे राहायला जायला मला तीन वर्षे लागली.

कारखान्यात मी तयार झाले, तेव्हा एका कामगार मुलीने मला कानाला लावून टाळी वाजवून पाहिली आणि हसून डबीत ठेवले. पुढे डेव्हेंटर गावातल्या दुकानातून बाईंनी मला घरी आणले. एकदाच लावून पाहिले. नळाचे पाणी, बशा, स्वतःच्या चपला, सगळे आवाज एकदम अंगावर आले. शिवाय आरशात मी दिसत होते. चाळीस वर्षे वर्गातली कुजबुज पकडणाऱ्या मास्तरीणबाई त्या! त्यांनी मला शिवणाच्या डब्यात टाकले. तीन वर्षे मी बटणांच्या संगतीत काढली.

बाईंना छंद एकच. मार्च उजाडला, की त्या आणि शेजारचे वुब्बोकाका आयसल नदीकाठच्या बागेत पक्षी पाहायला जात. काका पूर्वी त्याच नदीवर नाव चालवायचे. त्या दिवसांत झाडांना पाने नसतात, त्यामुळे पक्षी चटकन दिसतात. पण एका पक्ष्याची वाट दोघे कानांनी पाहत. चिफचाफ हा बोटभर पक्षी दक्षिणेकडून परततो आणि उंच फांदीवर बसून आपलेच नाव घेत राहतो. तो ऐकू आला, की वसंत आला. बाई ती तारीख वहीत लिहीत. एकतीस तारखा झाल्या होत्या.

त्या वर्षी गावातल्या पक्षिमित्र मंडळाने ती वही मागितली. वसंत आता किती लवकर येतो, ते त्यांना पडताळायचे होते. बाईंनी शेवटच्या तीन ओळींवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवले. मग त्यांनी शिवणाचा डबा उघडला आणि मला नवी बॅटरी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गवतावर हिमाचा पांढरा थर होता. बाईंनी मला टोपीखाली झाकले होते. मी जीव एकवटून ऐकत होते. वाळुंजाच्या झाडाखाली आलो आणि वरून आवाज आला. चिफ्, चाफ्. चिफ्, चाफ्.

बाई थांबल्या. काकांनी आधी सांगावे, असे त्यांना वाटत होते. काका मात्र थर्मासमधून कॉफी ओतत राहिले. पक्षी डोक्यावर गात होता.

"वुब्बो, तुला काही ऐकू येतंय?"

काकांनी त्यांचा चेहरा न्याहाळला. "येतंय की."

"काय?"

"तू म्हणशील ते."

बाई गोंधळल्या. "मग गेल्या वर्षी तू इथं थांबलास कशाला? मी त्यावरून तारीख लिहिली."

"बुटाची नाडी सुटली होती," काका म्हणाले. "तू मान डोलावलीस. मला वाटलं, हिला आलं असेल ऐकू."

दोघे इतके हसले, की कॉफी सांडली. मग बाईंनी टोपी काढली आणि मला काकांच्या कानाला लावून वरून तळहाताने धरले. हात जवळ आला, की आम्ही वाजतोच; मी जराशी शीळ घातली आणि शांत झाले. पक्षी अजून गातच होता.

काकांनी मान वर करून फांदीकडे पाहिले. "विसरलो होतो गं," ते हळूच म्हणाले. "चाफ् जरा खाली उतरतं ते."

घरी येऊन बाईंनी शेवटच्या तिन्ही तारखांवर रेघ मारली. शेजारी लिहिले, 'ऐकू आले नाही'. खाली त्या दिवसाची खरी तारीख घातली आणि वही तशीच मंडळाला नेऊन दिली. काकांनी पुढच्याच आठवड्यात स्वतःचे मशीन घेतले.

आता माझे झाकण सैल झाले आहे. बाई मला रोज कोरड्या फडक्याने पुसतात.

मित्रांनो, तुमच्या आजीआजोबांचे असे मशीन एखाद्या खणात पडले असेल, तर त्यांच्याशी ओरडून बोलू नका आणि हसूही नका. त्याची बॅटरी बदलून द्या. सुरुवातीला आम्ही फार गोंगाट करतो, तेवढा सोसायला सांगा. मग त्यांचा हात धरून त्यांना एखाद्या झाडाखाली न्या आणि थोडा वेळ तुम्हीही गप्प उभे राहा.