खरबुजाचं घनमूळ

गुर्लन गावच्या शाळेत मी सातवीला पदार्थविज्ञान शिकवते. त्या सप्टेंबरात मी वर्गाला सांगून टाकलं, "शनिवारी पुस्तक मिटायचं. प्रत्येकानं आपापला प्रश्न आणायचा आणि त्याच्या मागे लागायचं."

पहिल्या शनिवारी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. दुसऱ्या शनिवारी इंतिझोर उठली. गणितात तिला पाचांपैकी दोनाच्या वर कधी मिळाले नव्हते.

"आपा, आमचे ओताजोन बोबो खरबुजाला टिचकी मारतात आणि आतून गोड की फिकं ते सांगतात. आजोबांना नेमकं ऐकू तरी काय येतं?"

"मला नाही माहीत."

"आपांना माहीत नाही!" मागचा बाक किंचाळला. माझ्या कुठल्याच धड्यानं त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

पुढच्या शनिवारी बोबोंच्या गाडीतून तीस खरबुजं आली. इंतिझोर टिचकी मारायची, फोन आवाजाची कंपनं मोजायचा, एक पोरगी वजन करायची. मग डोळे बांधून सगळ्यांनी चव घ्यायची आणि पाचांपैकी गुण द्यायचे. वह्या चिकट झाल्या, खिडकीत गांधीलमाश्या जमल्या.

शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सुलतानमुरात आका दारात आले. "बिकाजोन, ही शाळा आहे की बाजार?"

"फोड घ्या ना, आका."

घेतली. दोन घेतल्या.

पण आकडे जुळेनात. पिकलेलं खरबूज खर्जात बोलतं म्हणावं, तर मोठं खरबूज कच्चं असलं तरी खर्जातच बोलायचं. इंतिझोर दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी कणकेचे गोळे घेऊन धावत आली. "आपा, आठ छोटे गोळे मिळून एक मोठा केला, तर तो आडवा दुप्पटच भरतो! आता वजनावरून आकार काढायचा कसा?"

मी तिला शेजारच्या वर्गात पिटाळलं. भिंतीआडून सगळं ऐकू येत होतं.

"घनमूळ लागेल," आका म्हणाले. "ते पुढच्या इयत्तेत."

"तोवर खरबुजं थांबतील का, आका?"

मग खडूचा आवाज सुरू झाला, तो मधली सुट्टी संपली तरी थांबेना. आका बाहेर आले ते कोपरापर्यंत पांढरे. "पोरगी माझं डोकं खाऊन उठली! आणखी प्रश्न आहेत म्हणते!" असे खुशीत मी त्यांना अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

कंपनांना वजनाच्या घनमुळानं गुणल्यावर आकडे शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले. मग काय, तिनं थेट बोबोंनाच आव्हान दिलं.

शाळेच्या अंगणात बारा खरबुजं मांडली. बोबो मिशांवर ताव देत बसले. "नात असलीस तरी दयामाया नाही हं."

"मीही नाही करणार, बोबो."

बोबो टिचक्या मारत झरझर निघाले. इंतिझोर वहीत गुणाकार करत मागून. मग सुरी चालली. बोबोंची अकरा बरोबर, इंतिझोरची नऊ. पण नववं खरबूज बोबोंनी गोड म्हटलं होतं, तिनं फिकं. बोबोंनी फोड तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अगं, ही तर काकडी आहे!"

अंगणभर हशा उसळला. बोबोंनीच सगळ्यांत मोठ्यानं हसून नातीचा हात धरला आणि लाझगीचा नाच धरला, खांदे थरथरवत, बोटं वाजवत. आकांनी बादली पालथी घालून ताल दिला. पोरं नाचली, मी नाचले, मुख्याध्यापिका ओरडायला आल्या होत्या, त्याही नाचल्या.

पुढच्या शनिवारी वर्गात गेले, तर बोबो तिसऱ्या बाकावर कोरी वही उघडून बसलेले. एकाच वेलीवरचं एक फळ साखर आणि दुसरं पाणी का, यावरून शेजारच्या पोरीशी त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.

"आपा," ते म्हणाले, "हिला सांगा, आधी मुळं उकरून बघायची!"

"आधी पानं मोजायची!" ती ओरडली.

मी बोबोंना फावडं दिलं, तिला पेन्सिल, आणि दोघांनाही वेलीकडे पिटाळलं.