अडीच वीत मीठ

आई आयुष्यात कधी सहलीला आली नव्हती. या वेळी येते म्हणाली, आणि मला घाम फुटला.

कारण ते रिसॉर्ट आमच्याच मिठागरावर उभं आहे. पनवेलहून उरणच्या अंगाला, खाडीकाठी. जिथे माझ्या बापाने पाठ जाळून मीठ काढलं, तिथे आता स्विमिंग पूल आणि रेन डान्स आहे. जमीन देताना करारात एक ओळ होती: मूळ मालकाच्या कुटुंबाला वर्षातून एकदा दोन दिवस मुक्काम फुकट. तीन वर्षं मी टाळलं. यंदा बायको ऐकेना. "समृद्धीच्या वर्गातली सगळी पोरं जाऊन आली," किशोरी म्हणाली. "आपल्याला फुकट असून आपण विचुंब्यात घरी पंख्याखाली पडून राहायचं."

मी टाळत होतो त्याचं कारण सांगतो. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. सतरा दिवस जगली. आमच्यात तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बापाने आणि काळूराम काकाने तिला उघाडीच्या बांधावर पुरलं. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायची फळ्यांची दारं. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर आमच्याच मिठाची टोपली ओतली. आईने ती जागा बघायची नाही असा रिवाज. बघितली तर पुढचं मूल टिकत नाही म्हणे. पंचेचाळीस वर्षं ती तिकडे फिरकली नाही. सह्यांच्या वेळी एवढंच म्हणाली, "धर्मराज, सगलं दे. उघाडीचा बांध नको देऊस."

मी हो म्हणालो. बिल्डरला हद्द सरळ हवी होती. मी बांध देऊन टाकला आणि घरी येऊन सांगितलं, तो कंपाउंडच्या बाहेर ठेवलाय.

रिसॉर्टच्या गेटवर कोकम सरबत मिळालं. लॉनवर मिठाचा शोभेचा ढीग, शेजारी लाकडी फावडं, वर पाटी: 'मिठागराचा अनुभव घ्या'. ठाण्याची एक बाई गॉगल लावून फावड्यासोबत फोटो काढत होती. मला तिच्या हातातून ते हिसकावून घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. जमीन विकणाऱ्याने फावड्यावर हक्क सांगायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीत नारळ आणि नवं कोरं झबलं.

"चल, बांध दाखव."

"आई, तू बघायचं नसतं ना?"

"आता मना काय पोर व्हायचंय? आन आडवनारा तुजा बाप गेला वर."

मी तिला मागच्या फाटकातून भिंतीबाहेर नेलं. तिथे कांदळवन, थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या बाटल्या. पूल खणताना टाकलेल्या मातीचा एक उंचवटा होता. मी बोट केलं. "हा."

आईने नारळ ठेवला, झबलं पसरलं, कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "लय वर्सं लावली गो मी," म्हणाली आणि हात जोडले. मी मोबाईल बघत उभा राहिलो. नेटवर्क नव्हतं, तरी बघत राहिलो.

परतताना लहान मुलांचा पूल वाटेत लागला. धुण्यासाठी रिकामा केलेला. निळ्या फरशीच्या मधोमध पांढरा डाग होता. एका बाजूला गोल, खाली निमुळता. शेजारच्या गावातली भामा तिथे ॲसिडची बाटली आणि ब्रश घेऊन बसली होती.

"रोज घासतंय मावशे," ती आईला म्हणाली. "टाईल दोनदा बदलली. पानी काढलं का हाय तसाच वर येतंय."

आई पायऱ्या उतरली. काठावरच्या गार्डने शिट्टी मारली. "आजी, पूलमध्ये साडी अलाऊड नाही." तिने वळूनही पाहिलं नाही. बोट डागाला लावलं, मग जिभेला.

"आपलं हाय."

मग तिने डागाशेजारी वीत ठेवली. एक. दोन. आणि अर्धी.

"जुनी मानसं सांगतात," भामा म्हणाली, "आथं उघाडी व्हती."

एव्हाना किशोरी आणि समृद्धी पोहायचे कपडे घालून काठावर आल्या होत्या. आईने मान वर केली.

"मंग मगाशी मी कुनाला हात जोरले?"

"आई, बिल्डरने हद्द..."

"बिल्डर माज्या पोटचा नव्हता."

वरून सुपरवायझर ओरडला, दहाच्या आत पाणी भरायचंय. भामा उठायला लागली. आईने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"तू घास. तिला रोज परक्याचा हात कशाला?"

मी घासलं. खोटं कशाला लिहू? चपला काढून उतरलो, ॲसिड ओतलं, गुडघ्यांवर बसून घासलं. फेस आला, वास नाकात गेला. सकाळची गार फरशी होती, पण त्या अडीच वितीत हाताला ऊब लागत होती. तापलेल्या पोराच्या अंगाची लागते तशी. डाग गेला. सुपरवायझरने पाणी सोडलं. समृद्धी त्यात उतरली नाही. का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना आई गाडीत बसली नाही. भामाबरोबर चालत तिच्या घरी गेली. आज दोन महिने तिथेच आहे. पहाटे भामाबरोबर कामगारांच्या गेटने आत शिरते आणि तो डाग साध्या पाण्याने, ओल्या फडक्याने पुसते. ॲसिड लावू देत नाही. मी फोन केला तर माझ्याशी बोलत नाही, भामा बोलते.

परवा विचारलं, आई कशी आहे.

"बरी हाय," भामा म्हणाली. मग हळू आवाजात, "तीन वीत झालंय आता. मावशी म्हनतं, पोर अंग धरतंय."